चिंचेची बरणी

आज आमटीसाठी चिंच कोळताना त्या आंबूस वासानं लिंबायतची खोली आठवली. नव्वदीतलं सुरत, माझं नवं लग्न. बरणीतली चिंच रोज कमी व्हायची आणि सासूबाई माझ्या पोटाकडे बघायच्या.

"चिंच कोन खाई ऱ्हायनं वं? खरं सांग."

मी नाही म्हटलं की त्यांचा संशय वाढायचा.

एका संध्याकाळी हे गॅरेजमधून आले. हात काळेकुट्ट, पण वास चिंचेचा.

"माय, मीच नेली. शेठच्या जुन्या गाडीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या चिंचेनं घासल्या. चांदीसारख्या चमकतात!"

सासूबाईंचा चेहरा उतरला. मला मात्र हसू आलं होतं.

आज बरणी निम्मी दिसली. मी हळूच सुनेकडे बघितलं.