आठाच्या जागी एक

पुण्यात वीस वर्षं स्कूटर चालवलेला माणूस बंगळुरूत स्कूटरच्याच परीक्षेत नापास झाला. तो माणूस मी.

लायसन्सची मुदत संपून सहा वर्षं झालीत, हा शोध माझ्या मुलीनं, सईनं लावला. तिला नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झालेली, म्हणून दोघांची परीक्षा एकाच दिवशी ठरवली. खरं तर मला तिला घराबाहेर काढायचं होतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी गणित राहिलं म्हणून ती चार दिवस खोलीचं दार लावून बसली होती. फेरपरीक्षेचा फॉर्म भरायचा तोच शेवटचा दिवस. "नाही भरणार. मी ढ आहे," एवढंच बोलायची. मी हादरलो होतो. (वरवर मात्र राजाजीनगरच्या घरापासून परीक्षेच्या मैदानापर्यंत 'अपयशाचं मनाला लावून घेऊ नये' यावर अखंड व्याख्यान!)

मैदानात आखलेल्या आठाच्या आकड्यावरून, पाय न टेकता गाडी फिरवायची होती. आधी सई गेली. दुसऱ्याच वळणावर पाय टेकला. नापास!

मी रुमाल काढून धावलो, तर ही खदाखदा हसतेय!

"बाबा, भलत्याच वेळी ब्रेक दाबला मी!"

ड्रायव्हिंग स्कूलचे मंजण्णा बेळगावकडचे. तेही हसत म्हणाले, "टेन्शन नको अक्का. स्वल्प सराव करा, पुढच्या आठवड्यात या."

"आता पुणेकर बघा!" म्हणत मी निघालो.

समोर वळणंच वळणं, आणि दोन खांबांच्या मधून पलीकडे जायला मोकळी फट. वीस वर्षांची सवय! मी सरळ फटीतून पार झालो. आठ काढायचा होता, मी एक काढला. वर हॉर्नही वाजवला!

परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. मंजण्णांनी ते इमानदारीत माझ्यापर्यंत पोचवलं, "सर, साहेब विचारतात, तुम्हाला आठ लिहिता येतो ना?"

बाहेर आल्यावर मी सईला बाजूला घेतलं. "आईला सांगू नकोस हं. गर्दीमुळे परीक्षाच झाली नाही म्हणू."

"का? नापास झालास तर झालास! परत फॉर्म भरायचा, परत यायचं. त्यात लपवायचं काय?"

बोलता बोलता ती थबकली. मी ओठांवर आलेलं व्याख्यान आवरलं. (हे क्वचितच घडतं.)

"कॉलेजात निकालाची नुसती यादी लावतात, बाबा," ती हळूच म्हणाली. "तिथे असं हसायला कुणी नसतं."

मग हात पुढे केला. "फोन दे तुझा. लायसन्सचे दोन आणि माझा गणिताचा, तिन्ही फॉर्म भरून टाकते."

नारळपाण्याच्या गाडीशेजारी उभ्या उभ्या तिनं तिन्ही फॉर्म भरले. माझे डोळे भरून आले. त्या साहेबांचे आणि मंजण्णांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. माझ्या व्याख्यानानं जे साधलं नाही, ते त्यांनी मला नापास करून साधलं!

सई गणितात सुटली. लायसन्स तर तिला दुसऱ्याच खेपेला मिळालं. मी आतापर्यंत चारदा जाऊन आलोय; आता वळण आलं की पाय टेकतो. रोज सकाळी तिच्याच मागे बसून मेट्रो स्टेशनवर जातो, आणि प्रत्येक वळणावर ती ओरडते, "बाबा, पाय वर!"