पिसांची माशी

आमचे हे लढाईत इटलीला होते. लढाई संपल्यावर पलटण काही महिने तिथेच राहिली, तेव्हा नदीकाठच्या एका म्हाताऱ्या चक्कीवाल्याने त्यांना मासे धरायला शिकवलं. गळाला गांडूळ लावायचं नाही. पिसं दोऱ्याने बांधून केलेली खोटी माशी लावायची आणि पाण्यावर अलगद टेकवायची. मासे धरायलाही तिथे परवाना लागायचा. कोकणातल्या माणसाला याचं फार हसू. परत आले ते एक लवचिक काठी आणि डबीभर माश्या घेऊन.

पुढे गिरणीत यंत्राने त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. त्यानंतर सहा महिने ते अंधेरीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होते. वाढलं की जेवायचे, बोलायचे नाहीत. माणूस डोळ्यांदेखत संपत चालला होता. शेवटी मी काठी काढली आणि चाळीच्या अंगणात दोरी फेकायला लागले.

शेजारीण म्हणाली, "काय गं, आभाळातले मासे उतरवतेस? खारदांड्याची कोळीण दारात येते ना?"

"तिचे मेलेले असतात."

हे दारातून बघत होते. एवढं मला पुरे होतं.

पवईच्या तळ्यावर गळ टाकायला चिठ्ठी लागायची. काठी ज्याच्या हातात, चिठ्ठी त्याच्या नावावर. मी यांना घेऊनच चौकीवर गेले.

"नाव सांगा यांचं," कारकून म्हणाला.

"माझं लिहा."

"बाई, इथे मासे धरतात. शिवणक्लास नाही."

"ठाऊक आहे. लिहा."

"सही येते का?"

"चौथी पास आहे."

त्याने यांच्याकडे पाहिलं. यांनी हात खिशात घातला. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही तळ्यावर पोचलो. धुक्यामुळे पाणी कुठे संपतं ते कळत नव्हतं. डोंगर पाण्यात उलटा झोपला होता, पाणकोंबडी गेली की तेवढा हलायचा. घरी तांदूळ निवडायचे होते, पाणी भरायचं होतं. ते सगळं दुसऱ्याच कुणा बाईचं काम असावं असं वाटायला लागलं. मी दोरी मागे नेली आणि पुढे सोडली. ती हवेत उलगडत राहिली, पडायला तिने फार वेळ घेतला. माशी टेकली. एक वर्तुळ उठलं, मोठं होत धुक्यात गेलं. मी पुन्हा टाकली, पुन्हा टाकली. किती वेळ गेला ते आजही सांगता येणार नाही.

मग माशीखालचं पाणी फुगलं. मी हिसका दिला. दोरी रिकामी परत आली, माशीही गेली.

"ओढलीस कशाला?" हे मागून म्हणाले. "दम धरता येत नाही? हात आहे की मुसळ?"

सहा महिन्यांत एवढं बोलले नव्हते. मी वळले नाही.

"मग कसं करायचं?"

"आधी त्याला तोंड मिटू दे. आण इकडे."

डबीतली दुसरी माशी काढून ते दगडावर बसले. दोन बोटांनी गाठ बसेना. तीनदा सुटली. मग दोऱ्याचं एक टोक त्यांनी दातात धरलं. मी मदत केली नाही.