पोहता येतं का

उन्हात लावायच्या क्रीमचा वास आला की मला दोन हजार चार सालचा अमेरिकेतल्या ट्रॉय गावातला, मुलाच्या घरचा हिवाळा आठवतो. मुलगा कॉम्प्युटरवर फॉर्म भरून कॅरिबियनमधल्या एका बेटावरच्या सुट्टीचं बुकिंग करत होता. मला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून नातीला विचारलं, माझ्या नावापुढं काय लिहिलंय. ‘आबा, स्विमिंग येतं का विचारलंय. बाबानं नो केलंय.’ ज्याला पाठीला डबा बांधून मीच विहिरीत पोहायला शिकवलं, त्यानं मला विचारलंसुद्धा नाही. ‘आबा, वय झालं आता, तुम्ही बीचवर बसा ना,’ तो म्हणाला. ‘बसायला इथला सोफा काय वाईट आहे,’ म्हणून मी माझं नाव कॅन्सल करायला लावलं. सगळे ते क्रीम बॅगेत भरून गेले, वास घरात राहिला, आणि मी आठवडाभर खिडकीतून बर्फ बघत बसलो. चूक त्याचीच होती, पण समुद्र बघायचा राहिला तो माझा, एवढं आज कबूल करतो.