रेइनोने न मागितलेली शिष्यवृत्ती

रेइनो पेल्कोनेन आमच्या गावचा बर्फवाला. रस्ते खात्याची, बर्फ हटवायला पुढे भलामोठा लोखंडी फाळ लावलेली गाडी त्याने उभा जन्म चालवली. सुपीरियर सरोवरावरून वारं सुटलं की आमच्याकडे एका रात्रीत दाराच्या कडीपर्यंत बर्फ साचतो. सकाळी शाळा भरायची ती रेइनोच्या जिवावर. माणूस अबोल. तांब्याच्या खाणीत राबायला फिनलंडहून आलेल्यांची आम्ही नातवंडं तशीही शब्द जपून वापरतो, पण रेइनो आमच्यातही मुका गणला जायचा. फक्त लेक ऐली शेजारी असली की त्याला कंठ फुटायचा.

ऐली बापाला विचारल्याशिवाय काही करायची नाही. व्हायोलिन सोडू का, मैत्रिणीशी अबोला धरलाय तो मोडू का, कुत्रं म्हातारं झालंय तर त्याला अजून डोंगरावर फिरायला नेऊ का. रेइनो बराच वेळ हनुवटी खाजवायचा आणि एका वाक्यात निकाल द्यायचा. कार्लीन, त्याची बायको, शाळेच्या स्वयंपाकघरात होती. ती म्हणायची, "या पोरीला चर्चमध्ये जायची गरज नाही. हिचा पाद्री घरातच जेवतो."

पोरीला दगडांचं वेड. बंद पडलेल्या खाणींबाहेर टाकाऊ दगडांचे डोंगर पडलेत, त्यांवर ती सुट्टीभर चढलेली असायची. शाळेच्या शेवटच्या वर्षी तिने ओहायोतलं एक कॉलेज मनाशी धरलं. जुनं, नावाजलेलं, भूगर्भशास्त्रासाठी प्रसिद्ध, आणि दारातून आत घेतील ते मोजक्यांनाच. त्या कॉलेजची एक गुणवत्ता शिष्यवृत्तीही होती. मिळाली तर सगळी फी माफ. तिच्यासाठी वेगळा निबंध लिहून हिवाळ्याच्या तोंडाशी पाठवायचा होता. शाळेत पुढच्या शिक्षणाचा सल्ला द्यायला प्राउटीबाई होत्या, त्यांनी ऐलीला बजावलं होतं, "हे सोडू नकोस."

नेमका त्याच सुमाराला रेइनो दाढ भरायला डॉक्टर ब्रँटकडे गेला. डॉक्टरची दोन्ही पोरं पूर्वेकडच्या बड्या कॉलेजांत शिकलेली. दाढ कोरता कोरता डॉक्टर म्हणाला, "ऐली अर्ज करतेय म्हणे? एक सांगून ठेवतो. या कॉलेजांकडे पैसे मागितले की अर्ज खाली सरकतो. आम्ही एक पैसा मागितला नाही."

रेइनोला विचारायचं होतं, कुठले पैसे? पण तोंडात कापूस, जीभ बधीर. उठल्यावर विचारावं, तर बाहेर माणसं बसलेली. आपल्याला समजलं नाही हे चारचौघांत दाखवायचं त्याच्या जिवावर आलं. तो तसाच घरी आला.

संध्याकाळी जेवताना त्याने सांगून टाकलं, "ती शिष्यवृत्ती राहू दे."

"का?" ऐलीच्या हातातला मांस-बटाटा भरलेल्या पास्टीचा तुकडा तसाच राहिला.

"मागणाऱ्याला आत घेत नाहीत. डॉक्टर ब्रँटच म्हणाला."

"बाबा, ही गरिबांची मदत नाही. हुशारीवर देतात. प्राउटीबाई म्हणाल्या, प्रवेश आधी ठरतो, शिष्यवृत्ती नंतर."

"प्राउटीबाईंची पोरं कुठे शिकली?"

"त्यांना पोरं नाहीत."

"मग झालं तर."

कार्लीन भडकली. "झालं काय? ब्रँटला दात कळतात म्हणून कॉलेजंही कळतात होय रे?"

"त्याची दोन्ही पोरं आत गेली. आधी हिला आत जाऊ दे. पैशाचं मी बघतो."

ऐलीने तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाली, "निबंध लिहून झालाय. वाचतोस का?"

"पाठवायचाच नाही तर वाचून काय करू?" रेइनो म्हणाला. आवाज चढवून नाही, सहजच. बाहेर बर्फ सुरू झाला होता. तो कोट चढवून कामावर गेला.

ऐलीने निबंध पाठवला नाही. बापाचं न ऐकण्याची तिला सवयच नव्हती.

वसंतात प्रवेशाचं पत्र आलं. रेइनोने ते चर्चमध्ये, पेट्रोलपंपावर, माझ्या ओसरीवर, सगळीकडे दाखवलं. कार्लीनने वेलची घालून पाव भाजले आणि गल्लीभर वाटले. आपलं गणित बरोबर आलं असंच रेइनोला वाटलं. पुढे खर्चाचं पत्र आलं. मदत मागायला त्यांची मिळकत जास्त ठरत होती आणि भरायला फारच कमी. रेइनोने तीनदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजला फोन लावला. फोनवर किंतेरो नावाच्या बाई होत्या, बोलायला मायाळू.

"त्या शिष्यवृत्तीचा अर्ज आता करता येईल का?" रेइनोने विचारलं.

"नाही हो. मुदत केव्हाच संपली. तुमच्या मुलीचा अर्ज मी स्वतः वाचलाय. तिने ती मागितली कशी नाही, याचं आम्हालाच आश्चर्य वाटलं."

"मागितली असती तर प्रवेश गेला असता ना?"

"आमच्याकडे? छे! दोन्हींचा काही संबंध नाही."

"मग मिळाली असती?"

"ते मी कसं सांगू, मिस्टर पेल्कोनेन?"

रेइनोने सरोवराकाठची लाकडी खोली विकायला काढली. ती त्याच्या बापाने स्वतःच्या हातांनी बांधलेली, शेजारी वाफेच्या अंघोळीची सौना. गिऱ्हाईकही आलं. ऐलीने गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगितलं, खोली विकायची नाही. "तिथे वर्गात बसून मला हीच खोली दिसेल," ती आईला म्हणाली. ती जवळच्याच सरकारी विद्यापीठात गेली. तिथेही पहिली आली, आणि पास होताच नेव्हाडात सोन्याच्या खाणीवर नोकरीला लागली.

म्हणजे पोरीचं वाईट झालं नाही. आम्ही रेइनोला हेच सांगायचो. पण त्याचं दुखणं वेगळं होतं. ऐलीने त्याला विचारणं सोडून दिलं होतं. भांडण नाही, अबोला नाही. नोकरी धरल्यावर कळवलं, लग्न ठरल्यावर कळवलं. एकदा थंडीत घरी आली असताना गाडीला कुठले टायर घालावेत हे तिने पंपावरच्या पोराला विचारलं. रेइनो शेजारीच उभा होता. हे सांगताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

ऐलीमागचा मुलगा टोबी. त्याच्या वेळी रेइनोने उलटं टोक गाठलं. "माग! जे जे दिसेल ते माग!" टोबीने एका चांगल्या कॉलेजात शिष्यवृत्तीसह अर्ज केला आणि त्याला प्रवेशच मिळाला नाही. टोबीला काही वाटलं नाही, तो विजेच्या खांबांवर चढायचं काम शिकला आणि रमला. रेइनोच्या डोक्यातला भुंगा मात्र पुन्हा सुरू झाला. ब्रँटचंच खरं होतं की काय?

शेवटी शुक्रवारी गावजेवणाला मासे तळतात त्या हॉलमध्ये त्याने म्हाताऱ्या ब्रँटला गाठलं आणि इतक्या वर्षांनी विचारलं.

"अरे, मी गरजेपोटी मागायच्या मदतीबद्दल बोलत होतो," ब्रँट म्हणाला. "तेही काही कॉलेजांपुरतंच. गुणांच्या शिष्यवृत्तीचा काय संबंध? तेव्हाच विचारायचं नाहीस का?"

"तोंडात तुझाच कापूस होता."

टेबलावरचे सगळे खो खो हसले. रेइनोही हसला. मासा मात्र त्याने तसाच टाकला.

गेल्या उन्हाळ्यात ऐली आपल्या लहान पोरीला घेऊन आली होती. सौना झाल्यावर बाप-लेक खोलीच्या पायरीवर बसले होते. रेइनोने धीर करून विचारलं, "तू रागावली होतीस का गं?"

"हो," ऐली म्हणाली. "नाही म्हणालास म्हणून नव्हे. तुला भीती वाटली, ते मला कळत होतं. पण बाबा, तू तो निबंध वाचलासुद्धा नाहीस."

"आहे का तो अजून?"

"शाळेच्या कॉम्प्युटरवर होता. ते कॉम्प्युटर कधीच भंगारात गेले."

"कशावर लिहिला होतास?"

तिने आठवून आठवून सांगितलं. टाकाऊ दगडांच्या डोंगरांवर होता. पणजोबांच्या पिढीने कुचकामी म्हणून फेकलेल्या त्या दगडांत अजून किती तांबं आहे, आणि ते शोधायला आपल्याला का शिकायचंय, असं काहीतरी. पुढचं तिला नीट आठवेना.

"चांगला होता," रेइनो म्हणाला.

"तुला काय माहीत?" ती हसून म्हणाली आणि पोरीला पाण्यातून बाहेर बोलवायला उठून गेली.

ती परत गेल्यावर रेइनो माझ्याकडे कॉफीला आला. मी म्हटलं, "अर्ज केला असता तरी मिळाली असतीच असं नाही."

"नसती मिळाली तर बरंच झालं असतं," तो म्हणाला. "कॉलेजने नाही म्हटलं असतं. मी नाही."

ऐलीचा फोन रविवारी येतो, आईला. बोलणं संपत आलं की कार्लीन मुद्दाम विचारते, "बाबाला देऊ?" ती हो म्हणते. मग दोघं हवेबद्दल बोलतात.