आनाक्लेतोंनी राखलेलं तळं

माझे सासरे आनाक्लेतो यांचं माझ्याशी पहिलं बोलणं झालं ते माशाच्या दातांवरून. मी नुकती लग्न होऊन या गावात आले होते. त्यांनी एक भलामोठा तंबाकी मासा ओट्यावर टाकला, बोटानं त्याचं तोंड फाकवलं आणि म्हणाले, "बघ सूनबाई, तुझ्या नवऱ्यापेक्षा याच्या दाढा बऱ्या."

खरंच माणसासारख्या दाढा. जुरांदिर, माझा नवरा, मागून म्हणाला, "दाढा बापाच्याच घेतल्यात मी. तक्रार तिकडे करा."

बापलेक असेच बोलायचे. एकमेकांना चिमटे काढल्याशिवाय त्यांचा घास खाली उतरत नसे.

आमच्याकडे नदी चढली की रान बुडतं. निम्मं वर्ष झाडं पाण्यात उभी, आणि फळं पिकतात ती नेमकी त्याच दिवसांत. मासे नदी सोडून झाडांमध्ये शिरतात आणि खाली पडेल ते गिळतात. सासरे काठीला दोरी आणि दोरीला लाकडी गोळा बांधून तो पाण्यावर आपटायचे. टप्प. पिकलं फळ पडल्यासारखा हुबेहूब आवाज. तंबाकी धावत यायचा आणि गळाला लागायचा. त्या आवाजात त्यांचा हात धरणारा आमच्या काठावर दुसरा कुणी नव्हता.

एकदा मासा चिरताना मी त्याचं पोट रिकामं करून घाण पाण्यात टाकायला निघाले, तर म्हणाले, "थांब, बघ तरी." आतडं भरून तारुमाच्या बिया. तारुमा हे पाण्यात उभं राहणारं झाड; फळं जांभळासारखी काळी, बी मात्र बारकी. "रबराच्या झाडाची बी हा दाढेखाली फोडतो, ती गेलीच. पण असली बारीक बी सबंध पोटातून जाते. इथं खातो, पार वर त्या टोकाला जाऊन हगतो. पाणी बी नेतं ते खालीच. प्रवाहाच्या उलट कोण नेणार? हाच. माझी आजी म्हणायची, हे रान देवानं नाही, माशांनी लावलंय." मग हसून म्हणाले, "पाद्रीबाबांना सांगू नकोस."

पुढं बर्फाची लाँच आली. पोटात बर्फ भरून फिरणारी, लांबलांब जाळ्यांची. लाँचवाल्यांना रानाआडच्या आमच्या तळ्यात शिरायची वाट ठाऊक नव्हती. वाट दाखवली ती सासऱ्यांनीच. हे त्यांनी कधी लपवलं नाही. त्यांच्याइतकं ते तळं कुणाला माहीत नव्हतं, आणि त्या लोकांनी त्यांना नावाजलं, पुढं बसवलं, तर ते सुखावले. जाळी पडली. पाणी उतरायच्या दिवसांत सगळे मोठे मासे तळ्यात गोळा होतात; ओंजळीनं उचलावेत तसे त्यांनी उचलले. पुढच्या वर्षी परत, त्याच्या पुढच्या वर्षीही. मग लाँच यायची थांबली, कारण न्यायला काही उरलं नव्हतं. जाळ्यात यायचे ते तळहाताएवढे.

आणि मग तो दुष्काळ. नदी इतकी आटली की तळ्यापर्यंत आम्ही चिखलातून चालत गेलो. कुणाच्या तरी कंदाच्या शेतात लावलेली आग रानात गेली. बुडणाऱ्या रानाची जमीन म्हणजे मुळांची आणि पाल्याची गादीच. ती वरून जळत नाही, आतून धुमसते. कित्येक दिवस नुसता धूर. झाडं उभी दिसायची, हिरवीही दिसायची. पाणी चढलं तशी एकेक करून आडवी झाली. मुळंच उरली नव्हती.

तळ्याचा वरचा काठ उघडा पडला. आम्हाला वाटलं, वर्षा-दोन वर्षांत येईल परत. आलं ते गवत. खालच्या काठाला झाडं होती, फळं होती, पण बी वर नेणारे मोठे मासे नव्हते.

सासऱ्यांनी हे ओळखलं तेव्हापासून त्यांचं हसणं कमी झालं. ते टोपलीत तारुमाच्या बिया भरून होडीतून वरच्या काठाला जायचे आणि उथळ पाण्यात पेरायचे. निम्म्या वाहून जायच्या, निम्म्या कुजायच्या, उगवलंच काही तर रानडुकरं उकरायची. गावातली माणसं धक्क्यावरून ओरडायची, "आनाक्लेतोकाका, गिळून बघा की! पेरून काय होणार?"

"गिळलं असतं रे," ते म्हणायचे, "पण तुझ्या काकीनं परसाकडला इतक्या लांब जाऊ दिलं नसतं." सासूबाई तेव्हा होत्या. त्या गेल्यावर ही थट्टाही बंद झाली.

शेवटी त्यांनी गाव गोळा केलं. शाळेच्या पडवीत सगळे बसले. सासरे उभे राहिले, टोपी हातात. "वाट मी दाखवली," म्हणाले. "आता ती वाट मीच बंद करतो. तळ्यात जाळं नको. गळानं घरापुरतं धरा. मोठे मासे तयार होईपर्यंत तळ्याच्या तोंडाशी आडवा ओंडका टाकू, मी तिथं राहीन."

आधी बोलला तो जुरांदिर. "भरल्या पोटानं चांगलं सुचतं, बाबा. तुम्ही लाँचवर पुढं बसून मासे वाहिलेत. आता आमची पाळी आली, तर ओंडका?"

"तुझी पाळी यावी म्हणूनच ओंडका."

"माझी नाही. तुमच्या माशांची."

गावानं सासऱ्यांच्या बाजूनं हात वर केले. जुरांदिरनं केला नाही, आणि मी त्याच्याशेजारी बसले होते म्हणून मीही केला नाही. त्याच मोसमात तो दुसऱ्या एका बर्फाच्या लाँचवर कामाला लागला. घरी यायचा, आमच्या छोट्या मुलीला खांद्यावर घ्यायचा, बापाशी मात्र बोलायचा नाही. सासरे तळ्याच्या तोंडाशी तरंगत्या खोपीत राहायला गेले. नदीपासून तळ्यात जाणारी चिंचोळी खाडी आहे, तिच्या तोंडावर तारेनं बांधलेला ओंडका आणि आतल्या बाजूला त्यांची खोपी. रोज जेवण घेऊन मी जायची. उकडलेला मासा, कंदाचं भाजकं पीठ, मिरची.

एकदा जुरांदिर इंजिनाची होडी घेऊन आला आणि म्हणाला, होडीत आजारी माणूस आहे, तापानं फणफणलाय, आत सावलीत थांबू द्या. सासऱ्यांनी तार सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी होडी नव्हती, आणि तळ्यातले पहिलेवहिले वाढलेले मासे नव्हते. सासरे गावात आले तर लोक त्यांच्याकडे बघेनात. एक बाई म्हणाली, "राखणदाराच्या पोराला सगळं माफ असतं, नाही का?" सासरे घरी आले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि परत गेले.

मी जुरांदिरला विचारलं, "कशाला केलंस असं?" तो म्हणाला, "जाळं बंद करून त्यांनी मला सगळ्या गावासमोर चोर ठरवलंच होतं. मग होऊन दाखवलं." पण त्या रात्री तो जेवला नाही, हेही खरं.

पाणी पुन्हा उतरायला लागलं तेव्हाची गोष्ट. दुपार होती. मी सासऱ्यांचं जेवण घेऊन खोपीत गेले होते. आभाळ वरच्या अंगाला काळंनिळं झालेलं, पानही हलत नव्हतं. आमच्याकडे असं झालं की म्हातारी माणसं होड्या ओढून घेतात. ओंडक्याजवळ इंजिनाचा आवाज आला. जुरांदिर आणि त्याच्याबरोबर दोघं. होडी जाळ्यांनी भरलेली.

"बाबा, तार सोडा. वादळ येतंय."

सासरे उठले नाहीत. "दिसतंय मला."

"मग सोडा."

"मागच्या खेपेला ताप होता. या खेपेला वादळ."

"वर बघा की! मी आणलंय का ते?" जुरांदिर हसायला गेला, पण त्याचा आवाज हसत नव्हता. "डोरा, सांग ना यांना."

डोरा म्हणजे मी. मी म्हणाले, "बाबा, सोडा हो. मी थांबते इथं. मी बघते जाळी टाकतात का ते."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ओंडक्यापाशी गेले, खाली बसले. तारेवर हात ठेवला. मला वाटलं, सोडतात. ते म्हणाले, "होडी बाहेर राहू दे. तुम्ही तिघं ओंडक्यावरून आत या. माझ्या खोपीत बसा, जेवा. डोरानं मासा आणलाय."

"होडी मालकाची, जाळी मालकाची. इथला काठ कसा ढासळतो ठाऊक आहे तुम्हाला, बाहेर बांधली तर फुटेल. मालक माझं कातडं सोलेल."

"मग जाळी माझ्याकडे दे आणि आत ये."

"म्हणजे तुमच्या राखणीत माझी झडती?"

दोघंही एकाच हाडाचे. एकानं "बरं" म्हटलं असतं तर संपलं असतं. जुरांदिरनं इंजिन सुरू केलं. "पलीकडे बेटामागं जातो," म्हणाला. "तिथं ओंडका नाही." होडी वळली तेव्हा त्यानं माझ्याकडे बघून हात केला, नेहमीसारखाच, संध्याकाळी येतो असं सांगताना करतो तसा.

होडी नदीच्या मध्यावर असेल नसेल, वारा आला. आधी आवाज, मग पाण्याची भिंत. पलीकडचा काठ दिसेनासा झाला. सासऱ्यांनी कोयता घेतला आणि तार एका घावात तोडली. ओंडका बाजूला झाला आणि ते त्यांच्या वल्ह्याच्या होडीत बसून त्या लाटांमध्ये गेले. मी ओरडत होते, कुणाला ओरडत होते ते मलाच कळत नव्हतं.

बरोबरचे दोघं उलट्या होडीला धरून वाचले. त्यांना सासऱ्यांनीच ओढून काढलं. जाळी पायात अडकली म्हणून जुरांदिरला वर येता आलं नाही, असं त्यांच्यातला एक म्हणाला. तो सापडला पाणी शांत झाल्यावर, खाली बेटाच्या वाळूवर. सासऱ्यांनी त्याला कुणाला उचलू दिलं नाही. एकट्यानं होडीत घेतलं. वाटेत त्याच्या केसांतली वाळू काढत होते.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलले नाही. घर त्यांचं, मला माहेरी कुणी उरलं नव्हतं, मुलगी लहान. ताट वाढून उंबऱ्याजवळ ठेवायची. ते तिथंच बसून खायचे. मासे धरून आणायचे, लाकडं फोडायचे, मुलीला पोहायला शिकवायचे. माझ्यापुढं त्यांनी एकदाही "चुकलं" म्हटलं नाही, आणि "बरोबर केलं" असंही म्हटलं नाही. तळ्याकडे मात्र परत गेले नाहीत. राखणीला गावातली दुसरी माणसं पाळीपाळीनं राहू लागली. ज्यांनी तोंड फिरवलं होतं, त्यांनाच आता त्या राखणीचा अभिमान. पोटच्या पोरालाही ज्यानं आत घेतलं नाही, त्याचं तळं! दुसऱ्या गावची माणसं आली की असं सांगायचे. मी धुणं टाकून घरात निघून जायची.

मासे वाढले. खरंच वाढले. चढत्या पाण्यात खालच्या काठाला फळं खायचे, वरच्या काठापर्यंत जायचे. एका वर्षी पाणी उतरलं तर जळक्या काठावर गवतातून तारुमाची रोपं उभी. पुढच्या वर्षी आणखी, त्यांच्यात रानउंबराचीही. संत पेद्रोच्या सणाला कोळ्यांच्या होड्यांची मिरवणूक निघते. गावानं ठरवलं, यंदा संताची मूर्ती आनाक्लेतोकाकांच्या होडीत. माणसं घरी आली. "काका, तुमच्यामुळे रान परत आलं."

"रान माशांनी आणलं," सासरे म्हणाले. "मी फक्त पोरगा घालवला. त्याची कसली मिरवणूक काढता?"

माणसं पाय न वाजवता निघून गेली. मी आत चुलीपाशी होते. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं.

सणानंतर पाणी उतरलं तशी एका सकाळी मी होडी काढली आणि म्हणाले, "चला." माझा आवाज ऐकून ते दचकलेच. कुठं, असंही त्यांनी विचारलं नाही. वल्हं मी मारलं. त्यांच्याच्यानं आता ते ओढवत नसे. खाडीच्या तोंडाशी ओंडका होता. राखणदारानं आम्हाला बघून टोपी काढली आणि वाट दिली. सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. वरच्या काठाला पोचेपर्यंत उघडले नाहीत.

काठावर कमरेएवढं रान उभं होतं. पानांवर चिखलाची रेघ. त्यांनी एक रोप बोटांत धरलं, मुळाशी बघितलं.

"डोरा," म्हणाले, "एक दिवस तार सोडली असती, तर काय बिघडलं असतं? एक खेप मासे गेले असते. एवढंच ना?"

सगळं गाव इतकी वर्षं त्यांना सांगत आलं होतं, तुम्ही केलंत तेच बरोबर. मीही तेच म्हणू शकले असते. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटलं असतं.

"काही बिघडलं नसतं, बाबा," मी म्हणाले. "मासे परत आले असते."

त्यांनी मान हलवली, कुणी तरी हे म्हणावं म्हणून थांबले असावेत तशी. मग चिखलात गुडघे टेकून रडले. जुरांदिरला पुरतानाही ते रडले नव्हते. मी त्यांच्याशेजारी बसले. माझ्याही मनात साठलेलं तेव्हाच वाहून गेलं.

परतताना ऊन चढलं होतं. घरी आल्यावर मी ताट उंबऱ्याजवळ ठेवलं नाही, आत मांडलं. ते दारातच उभे राहिले.

"या ना," मी म्हणाले. "रस्सा निवतोय."