चपला बाहेरच राहू देत

बडोद्यात आमच्या तरसालीच्या सोसायटीत दुपारी दीड ते चार कुत्रंही भुंकत नाही. ओटले रिकामे, झोपाळे थांबलेले. माझ्या निघण्यासाठी आईने हीच वेळ निवडली. हातावर दही ठेवलं तेही दार लावून घेऊन, आतल्या आत. बॅग दोघींनी उचलून गाडीत ठेवली, चाकं खडखडू नयेत म्हणून. मी बूट घातले, दाराशी पडलेल्या रोजच्या चपला आत ठेवायला वाकले, तर ती हळूच म्हणाली, "राहू देत. बाहेरच राहू देत."

बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मीही गेले तर टेनामेंटच्या दुमजली घरात बाई एकटी आहे हे चारचौघांना कळेल, याची तिला धास्ती होती. म्हणून जन्मभर शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवलेल्या माझ्या आईने मी कॅनडाला चालले आहे हे शेजारच्या नयनाबेनलासुद्धा सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर "केतकी वर आहे, लॅपटॉपवर काम चालू असतं दिवसभर" एवढं उत्तर तिने तयार ठेवलं होतं. तुमच्यापैकी बहुतेकांना कुणीतरी हात हलवून निरोप दिला असेल. मी मात्र माझ्याच घरातून चोरासारखी बाहेर पडले.

शिकायला गेले तेही चोरांबद्दलच. समाजशास्त्र आणि गुन्हेगारी न्याय असं पदवीचं लांबलचक नाव. मामा म्हणाला होता, "आपले पूर्वज राज्याच्या दफ्तरात कागद सांभाळत बसले, घराण्यात साधा फौजदार झाला नाही, आणि तू तुरुंगाचं शिकणार?" त्याला काय सांगणार? मलाच नीट ठाऊक नव्हतं.

पहिल्याच वर्षी एका सरांनी, ते आधी पोलिसात होते, पडद्यावर एका रस्त्यावरच्या घरांचे फोटो लावले आणि म्हणाले, चोराच्या नजरेने बघा, यातलं कुठलं घर निवडाल? वर्गातली मुलं भराभर सांगू लागली. ज्याचा पडदा कधी हलत नाही ते. ज्याचा दिवा रोज तसाच असतो ते. दाराबाहेरच्या बुटांवर धूळ बसली आहे ते. मला मात्र त्या पडद्यावर तरसालीचं आमचं दार दिसत होतं.

तास संपताच आईला फोन लावला. चपलांवर धूळ बसू देऊ नकोस, रोज जागा बदल. वरच्या खोलीत साडेसातला लाईट लाव, जेवण झालं की घालव. माझे एकदोन ड्रेस दोरीवर टाकत जा. ती "हं, हं" करत होती. वहीत लिहून घेत होती हे मागून कळलं. शिक्षिकाच ती, गृहपाठ सांगितल्याहून जास्त करणार! पाच वाजता जिन्याशी उभी राहून ती हाकही मारू लागली, "केतकी, चहा झालाय गं!" हे तिचं स्वतःचं. तीन हाका मारल्याशिवाय मी कधीच खाली यायची नाही, म्हणून ती तीनदा मारायची.

मला इतका अभिमान वाटला की वर्षाअखेरचा निबंध मी यावरच लिहिला. सरांनी चांगले गुण दिले, पण शेवटच्या पानावर पेन्सिलने विचारलं होतं, "या घरात नक्की कोण राहतं?" मी हसले आणि वही मिटली.

तीन वर्षांनी पदवी झाली. सुटून आलेल्या कैद्यांना राहायला जागा शोधून देणाऱ्या एका कचेरीत नोकरी ठरली आणि मी आईला घेऊन जायला बडोद्याला आले. आले तेही तिच्या सांगण्याप्रमाणे दुपारीच, बॅग उचलून, आणि रात्री खालीच तिच्यापाशी झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मला राहवेना. दूध आणायच्या निमित्ताने बाहेर पडले. नयनाबेन कुंड्यांना पाणी घालत होत्या. वाटलं, आता पाइप टाकून मला मिठी मारतील.

त्यांनी नुसतं डोक्याकडे पाहिलं. "अरे, वाळ क्यारे कपाव्या? रविवारे तो अगाशीमां सूकवती हती, केटला लांबा हता!"

केस मी दोन वर्षांपूर्वीच कापले होते. आणि ज्या रविवारी त्यांनी मला गच्चीवर लांब केस वाळवताना पाहिलं, तेव्हा मी टोरांटोत बॅग भरत होते.

घरात येऊन आईला विचारलं, माझा ड्रेस घालून अगाशीवर तू गेली होतीस का? ती भेंडी चिरत होती. "मी कुठली वर जाते? गुडघे धरल्यापासून दीड वर्ष जिना चढले नाही."

"मग वरचा लाईट कोण लावतं?"

सुरी थांबली. "तूच ना? मला वाटलं, तुमच्याकडे असतं ना तसलं, फोनवरून लावता येतं. मुद्दाम विचारलं नाही, म्हटलं पोरीने काहीतरी सोय केलेली दिसते."

मी जिना चढले. दीड वर्ष बंद असलेल्या खोलीत धुळीचा कण नव्हता. उशीला डोक्याचा खळगा होता. टेबलावर माझा जुना कंगवा, त्यात गुंतलेला एक केस. उपसून धरला तर माझ्या कोपरापर्यंत आला. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू?

आई मात्र घाबरली नाही. त्या आठवड्यात मी तिला हरप्रकारे विनवलं, रडले, भांडले. माझ्यासोबत चल, इथे एकटीने राहू नकोस. ती सगळं ऐकून घ्यायची. शेवटी माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "मी आले तर ती एकटी पडेल गं."

मी एकटीच परत आले. दाराशी त्या चपला होत्या, टाचेपाशी पार झिजलेल्या.

आता घर म्हणजे काय, असं इथे कुणी विचारलं की मी बडोद्याचं नाव सांगते आणि पुढे बोलत नाही. माझी जागा तिथे रिकामी नाही. मागे राहिलेल्यांना वाटत असेल, गेलेल्यांना सगळं मिळालं. मला तर जी गेलीच नाही तिचा हेवा वाटतो, आणि आईपाशी कुणीतरी आहे म्हणून जिवाला बरंही वाटतं.

रविवारी सकाळी मी फोन करते, तेव्हा तिकडे संध्याकाळचे पाच वाजत आलेले असतात. बोलता बोलता आई "थांब हं" म्हणते आणि हाक मारते, "केतकी, चहा झालाय गं!" मी कान देऊन ऐकते. जिन्यावर पावलं वाजू लागतात. आईला आता दुसरी हाक मारावी लागत नाही.