दोन पेन्सिली

मुलीकडे नॉर्वेत राहायला गेले होते, तेव्हा शेजारच्या सिग्रिडबाई रोज सकाळी हातात पेन्सिल घेऊन पेपर वाचताना दिसायच्या. एखाद्या पुढाऱ्याचं नाव आलं की त्यावर सरळ काट मारायच्या. मला हसू आलं, तर म्हणाल्या, "वडिलांची सवय लागलीय."

वडील खाडीकाठच्या गावात शाळामास्तर होते. पन्नासच्या दशकातली संसदेची निवडणूक. तिथे मतपत्रिका म्हणजे पक्षाच्या उमेदवारांची यादीच, आणि नको ते नाव मतदाराला खोडता येतं. मास्तरांनी मत आपल्याच पक्षाला दिलं, पण पहिलं नाव खोडलं. पुलाचं आश्वासन देऊन तो गृहस्थ पुन्हा गावाकडे फिरकला नव्हता.

निकाल लागला. पक्ष जिंकला, गृहस्थ संसदेत गेला आणि गाव होडीनेच ये-जा करत राहिलं. कारण पक्षाच्या निम्म्याहून जास्त मतदारांनी तेच नाव खोडलं, तरच ते गळतं म्हणे!

माझं डोकंच फिरलं. मग खोडायला सांगता कशाला? माणसाचा राग कागदावर उतरवून घ्यायचा आणि पेटीत बंद करायचा! आम्हीही 'वरीलपैकी कोणीही नाही'चं बटण दाबतो, बोटाची शाई मिरवत घरी येतो, आणि वरीलपैकीच कोणीतरी निवडून येतो.

"वडील चिडले असतील ना?"

"भयंकर. खोडतानाच पेन्सिलीचं टोक मोडलं होतं."

"मग पुढच्या निवडणुकीला?"

सिग्रिडबाईंनी पेपरचं पान उलटलं. "घरून दोन पेन्सिली नेल्या."